मिलीमीटर आणि मेहुण्याचे टायर

माझं शिवणकामाचं दुकान आणि मिलीमीटरचं गॅरेज यांच्यात एकच भिंत आहे. त्यामुळे गेली बावीस वर्षं त्याचा हातोडा माझ्या दुकानात ऐकू येतो आणि माझ्या गिऱ्हाइकांची कुरकुर त्याच्या गॅरेजात. त्याचं खरं नाव फक्त त्याच्या बायकोला ठाऊक असावं, आणि तीही त्याला 'अहो' म्हणते. बाकी साऱ्या रस्त्यासाठी तो मिलीमीटर.

गाड्यांची अलाइनमेंट करणं हा त्याचा धंदा. पुढचं चाक आत झुकलंय की बाहेर, हे त्याला गाडी दारात शिरतानाच कळतं. हाच गुण घरी मात्र अंगाशी येतो. जेवायला बसला की तो आधी ताट टेबलाच्या कडेला समांतर करतो. एकदा ऐन भांडणात बायको रडायला लागली, तेव्हा हा तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत म्हणाला, "आपला लग्नाचा फोटो तीन मिलीमीटर उजवीकडे कललाय." त्यानंतर दोन दिवस तो डबा न घेता गॅरेजात आला.

त्याचा लाडका शब्द म्हणजे 'बसत नाही'. कोणी गाडीला काही नवं लावायला आणलं की तो चष्मा कपाळावर ढकलणार, वस्तूकडे बघणार, माणसाकडे बघणार आणि म्हणणार, "बसत नाही." बहुतेक वेळा त्याचंच खरं निघतं. लोकांना खुपतं ते हेच.

त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, मधमाश्या पाळतो. पेट्या पिकअपमध्ये घालून तो त्या बागाबागांतून फिरवतो. एका सकाळी तो गॅरेजात आला तेव्हा पिकअपच्या मागे माश्यांच्या पेट्या नव्हत्या, चार टायर होते. मुळच्या टायरांपेक्षा चार इंच उंच आणि दोन इंच रुंद.

"भाऊजी, मित्राने गाडी विकली, टायर मला दिले. चिखलात फसायची कटकट संपली बघा. लावून टाका."

मिलीमीटरने चष्मा कपाळावर ढकलला. "बसत नाही."

"अजून मोजलं पण नाही तुम्ही!"

"अरे, पुढे एक आडवा, सरळसोट एक्सल असता तर दोन्ही चाकं एकत्र कुटुंबासारखी राहिली असती. गाडी वर उचलायची, मोठी चाकं घालायची, काम झालं. तुझ्या गाडीची पुढची चाकं विभक्त राहतात. दोघांचे हात वेगळे, जॉइंट वेगळे. खड्डा आला की ज्याचं तोच वर उडी मारतो, आणि मोठा टायर घेऊन उडी मारली की डोकं आपटणारच."

"मग उचला ना थोडी."

"जास्त उचलली की आतले एक्सल तिरपे फिरतात. जॉइंटवरची रबरी टोपणं फाटतात. ग्रीस बाहेर, माती आत. मग रडत येशील माझ्याकडेच."

मेहुण्याने बहिणीला फोन लावला. दोन मिनिटांनी मिलीमीटरचा फोन वाजला. भिंतीपलीकडून मला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं. "अगं, पण... हो, एकुलता एक आहे, माहीत आहे मला... अगं, भाऊ एकुलता असला म्हणून मडगार्डला जागा होते का?... बरं. बरं. बरं म्हटलं ना."

तर मिलीमीटरने टायर लावले, ते बसत नाहीत हे दाखवायला. पण गाडी सपाट जमिनीवर, चाकं अगदी सरळ; वर बोटभर फट राहिली. मेहुणा टाळी वाजवून म्हणाला, "बसले की!"

"फोटो काढण्यापुरते बसलेत. थांब, आता स्टिअरिंग पूर्ण वळवून..."

मेहुणा थांबला तर ना. तो निघूनही गेला होता.

गोची त्याला पहिल्या चौकात कळली. गाडी उजवीकडे झोकात वळायची. डावीकडे वळवली की उजवा टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर घासायचा, आणि त्या प्लास्टिकच्या मागेच काच धुण्याच्या पाण्याची टाकी होती. पहिल्याच दिवशी टाकीचा चेंदामेंदा झाला. पण माघार घेईल तो मेहुणा कसला. त्याने डावीकडे जाणंच सोडून दिलं. डावीकडे जायचं झालं तर तो पुढे जाऊन तीनदा उजवीकडे वळायचा. दहा दिवसांत त्याने गावातल्या इतक्या गल्ल्या पाहिल्या, की पोस्टमन त्याला पत्ते विचारायला लागला.

अकराव्या दिवशी, मागे माश्यांच्या पेट्या लादलेल्या असतानाच, तो आईला आपल्या बहिणीकडे घेऊन निघाला. आई म्हणजे मिलीमीटरची सासू. वय चौऱ्याहत्तर, उंची माझ्या कापायच्या टेबलापेक्षा थोडीच जास्त. तिला पिकअपमध्ये चढवायला आधी खुर्ची, मग खुर्चीवर पाट आणि मग मागून सून, एवढं सगळं लागलं. बहिणीचं घर गॅरेजच्या मागेच, एरवी पंधरा मिनिटांचा रस्ता. त्या दिवशी दीड तास लागला. गॅरेजच्या गल्लीत शिरायला मात्र डावीकडेच वळावं लागतं, त्याला दुसरा उपाय नाही. मेहुण्याने देवाचं नाव घेतलं आणि स्टिअरिंग फिरवलं. गल्लीच्या तोंडाशीच नाला ओलांडायचा उतार आहे. चाक वळलेलं, वरून गाडी दबली. टायर प्लास्टिकमध्ये असा काही रुतला की गाडी तिरकी होऊन जागच्या जागी अडकली. हिसक्याने मागची एक पेटी आडवी पडली आणि तिचं झाकण सरकलं.

पुढची पंचवीस मिनिटं माझ्या दुकानात अकरा माणसं होती. दोघं सुटाच्या कापडात गुंडाळलेली, एक पोलीस टेबलाखाली. मी माप घ्यायला उभी केलेली नवरी मुलगी मात्र एकटीच शांत होती. तिच्या अंगावर आधीच जाळीचा दुपट्टा होता. बाहेर मेहुणा धुराचं भांडं घेऊन माश्यांची समजूत काढत फिरत होता. आणि या सगळ्याच्या वर, काचा बंद करून, सासू सिंहासनावर बसल्यासारखी बसली होती. तिचा चेहरा नुसता फुलून आला होता.

माश्या पेटीत गेल्यावर मिलीमीटर बाहेर आला. कानाची पाळी सुजलेली. त्याने फाटकं प्लास्टिक बघितलं, मेहुण्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काढ. चारही काढ. आत्ता."

सासूने काच खाली केली. "जावईबापू, काढायचे नाहीत."

"आई, हे बसत नाहीत."

"मी जन्मभर लोकांच्या पाठी बघितल्या," सासू म्हणाली. "बाजारात पाठी, लग्नात पाठी, दवाखान्यात रांगेतसुद्धा पाठी. आज पहिल्यांदा मला सगळं वरून दिसलं. त्या बँकवाल्यांच्या कंपाउंडच्या आत काय पसारा आहे, बघितलाय का कधी तुम्ही? मला एवढंच सांगा, हे बसवता येत नाहीत, की तुम्हाला येत नाहीत?"

 अकराच्या अकरा माणसं माझ्या दारात येऊन उभी होती. मिलीमीटरची सुजलेली पाळी आणखी लाल झाली. तो माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमचा टेप द्या. आणि खडू."

मग चार दिवस त्याने दुसरी गाडी दारात उभी केली नाही. माझा कापड आखायचा खडू ओला करून त्याने टायरच्या कडांना फासला. स्प्रिंग मोकळी केली, जॅकने चाक वर टेकेपर्यंत उचललं, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि खडू कुठे कुठे लागला ते बॅटरीच्या उजेडात बघितलं. "चार जागा," तो पुटपुटला. मी बरेच ब्लाउज बाह्यांत सैल करून दिले आहेत, पण इतक्या बारकाईने कधी बघितलं नव्हतं.

त्याने नवी पाण्याची टाकी बॉनेटखाली नेऊन बसवली. प्लास्टिक गरम हवेने मऊ करून मागे सारलं. पत्र्याची दुमडलेली कड ठोकून सपाट केली, बंपरचा कोपरा कापला. गाडी पुढून एकच इंच उचलली. आणि तरीही चौथ्या जागी खडू लागायचा तो लागतच होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन स्टुलावर बसला.

"मास्तर, चार इंच नाहीच होत हो. वरचा हात आडवा येतो. तो कापला तर चाक आणि गाडी दोन्ही वेगळी होतील."

"मग सांग तसं."

"कोणाला? सासूला?"

त्याचं पडलेलं तोंड मी पहिल्यांदाच बघत होतो. बावीस वर्षं 'बसत नाही' म्हणताना त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटत होतं.

शेवटी सांगितलं त्याने. सासूने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती बसतात?"

"दोन इंच मोठे. अरुंद असले तर. अगदी बिनघोर."

"आणि मला किती कमी दिसेल?"

मिलीमीटरने खिशातून कागद काढला. हिशेब त्याने आधीच मांडून ठेवला होता. "टायर दोन इंच कमी झाला की गाडी एकच इंच खाली येते, आई. पुढून एक इंच मी उचललीये. शिवाय तुमच्या सीटखाली दोन इंचाची गादी टाकतो. म्हणजे तुम्ही पहिल्यापेक्षा वरच."

सासू मेहुण्याकडे वळली. "बदलून आण."

"पण आई, रुबाब..."

"रुबाब मी करीन. तू गाडी चालव."

टायर बदलले. मग पायरी वेल्ड करायची होती, त्यासाठी सासूच्या पायाची उचल मोजायला हवी होती. जावयाने सासूचा पाय कसा मोजायचा, या पेचात मिलीमीटर अर्धा तास घाम पुसत होता. अखेर बायकोने टेप ओढून घेतला, माप घेतलं आणि म्हणाली, "सदतीस सेंटिमीटर. मिलीमीटर नंतर सांगते."

पाचव्या दिवशी पिकअप गल्लीतून बाहेर पडली, पुन्हा आत आली, उतारावर वळली, दबली. मिलीमीटर जमिनीवर पालथा पडून चाकाखाली बघत होता. उठला तेव्हा शर्ट मातीने माखलेला, आणि तोंडावर असं हसू, की त्याच्या बायकोने दारातून विचारलं, "अहो, बरं वाटतंय ना?"

गाडी अजून चालते आहे. आठ महिन्यांनी एका जॉइंटचं रबरी टोपण फाटलं, तेव्हा त्याने मेहुण्याला पाऊण तास ऐकवलं आणि दहा मिनिटांत ते बदलून दिलं. सासू आता दर आठवड्याला मुलाबरोबर बागांत जाते. वरून बसल्या बसल्या ती बागवाल्यांशी अशी काही घासाघीस करते, की मेहुण्याच्या पेट्या वाढून साठ झाल्या. मागच्या महिन्यात ती माझ्याकडे माश्यांपासून वाचायचा पांढरा पोशाख शिवायला आली. इतक्या लहान मापाचा असा पोशाख मी कधी शिवला नव्हता. माप देताना ती म्हणाली, "मास्तर, दोन खिसे जास्त ठेवा. एक चष्म्याला. आणि एक दुर्बिणीला."