माझ्या मापाचं बाकडं

चिंचवडात सरळ रेषेवर एवढा जीव असलेला दुसरा माणूस झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. हे माझ्या वडिलांचे दोस्त, सुतारांच्या युनियनचे अध्यक्ष. आम्ही पोरं त्यांना अध्यक्षकाका म्हणायचो. पिंपरीच्या माळावर कारखान्यांचं बांधकाम सुरू झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. काका प्रत्येक फळी एक डोळा मिटून बघत आणि माणसंही तशीच. नवे हेडमास्तर भेटले, तर त्यांना असंच न्याहाळून त्यांच्यासमोरच म्हणाले, "लाकूड सरळ हाय, पण अजून वाळायला पायजे." पंगतीत पाट उलटा करून सांधे तपासल्याशिवाय बसत नसत, मोशीच्या एका लग्नात त्यापायी अख्ख्या पंगतीचा भात निवला. ठेकेदाराकडे कामगारांसाठी सावलीची शेड मागायला गेले, तेव्हा "डुगडुगत्या टेबलावर बोलणी टिकत न्हाईत, सायेब" म्हणत त्यांनी टेबल आडवं पाडलं, चारी पाय काढले आणि ते पुढ्यात घेऊन बसले. शेड कबूल झाली, मगच पाय परत बसले. ते टेबल पुन्हा कधी डुगडुगलं नाही, हेही सांगायला हवं.

काकांना ठरावांची भारी हौस. सभेच्या चहात आलं घालावं की नाही, याचाही ठराव व्हायचा. हात वर केल्याशिवाय सुटका नाही, हे ओळखून माझे वडील काही न ऐकताच हात वर करत. अशाच एका सभेत ठरलं, की शाळेला युनियननं बाकडी द्यायची. सभासदांच्या चौथी पास झालेल्या सगळ्या मुलामुलींची मापं घ्यायची, आणि ज्याचं पोर त्यानंच बाकडं करून त्याला शाळेत बसवायचं. वडिलांचा हात वर होताच.

मी नुकतीच चौथी पास झाले होते आणि वडिलांनी माझी शाळा बंद केली होती. रडून रडून माझे डोळे सुजले होते. अशात काका आले, मला खोक्यावर बसवलं आणि गुडघ्यापर्यंतचं माप घेऊ लागले.

"ही न्हाई जायाची आता," वडील म्हणाले. "आईला मदत नको?"

"ठरावाला हात वर केलास. समद्यांनी पाह्यलंय."

"कसला ठराव? मी ऐकलंच न्हाई राव!"

"ती तुझी चूक. माप घेतलंय, लाकूड काप."

युनियनचा शब्द मोडणं वडिलांच्या रक्तात नव्हतं. चार दिवस ते रंधा मारत राहिले. रागात असले तरी माझा परकर अडकू नये म्हणून त्यांनी प्रत्येक कोपरा घासून गोल केला. सोमवारी बाकडं खांद्यावर घेऊन ते पुढे निघाले आणि मी दप्तर घेऊन मागे. मी बसले. पाय जमिनीला बरोबर टेकले. वडिलांनी वाकून ते पाहिलं आणि कामावर गेले.

पुढे मी मास्तरीण झाले. पेढे घेऊन गेले तेव्हा काका फार थकले होते. मी म्हटलं, "काका, तुम्ही नसता तर मी आज चुलीपुढंच असते. तुमचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत."

त्यांनी पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आमच्या शकूचं माप घ्यायचं राह्यलं."

शकू त्यांची मुलगी, माझ्याहून वर्षानं मोठी. ठरावाच्या आदल्या वर्षी, चौथीनंतर, तिची शाळा काकांनीच बंद केली होती, आणि आता ती तळेगावात दोन लेकरांची आई होती. माझ्या पेढ्यांतला एक त्यांनी तिच्यासाठी कागदात बांधला आणि कोनाड्यात ठेवून दिला.