वायर उपटायची लेखी ऑर्डर

किस्स्यायचं धुळीसारखं हाय भाऊ. रोज झाडा, रोज बसतात. मी खामगावच्या कॉलेजात जिंदगीभर शिपाई, त्यातले बरेच वर्षं काम्पुटरच्या लॅबमधी. तिथं धूळ चालत नाही म्हनून खोली आरशावानी ठेवली, पन किस्से काही झाडल्या गेले नाहीत. पारावर सांगून सांगून तोंड दुखलं, म्हनून लिहाले बसलो. अक्षर कोंबडीनं उकरल्यावानी हाय. घ्या सांभाळून.

०००

तवा खामगावात लाईट म्हनजे रुसकी पाहुनी. कधी येईन, कधी जाईन, कोनाले सांगत नव्हती. अन् काम्पुटरची खोड अशी, का तो डिस्कवर काही लिहून राह्यला अन् तेवढ्यात लाईट गेली, तं अर्धं नवं अन् अर्धं जुनं. पुन्हा चालू केला का अर्धा घंटा आपलंच पोट चाचपत बसे, अन् मंग सांगे, तुमची फाईल गेली!

लॅबचे मुख्य ढगे सर. चांगला मानूस, फक्त हसाले वेळ लागे. त्याईच्या हाताखाली शेवटच्या वर्षाचे दोघं. संजय सोनाळ्याचा, तोंडाचा पट्टा चालू. सुनंदा धामणगाव बढ्याची, दिवसाचे चार शब्द बोलन तं बोलन.

मशीनच्या पोटात एक मोठा कारभारी प्रोग्राम असते, त्याले हे लोक कर्नेल म्हनत. त्यात हे दोघं नवं सामान बसवून राह्यले होते. डिस्कमधी सारख्या मापाचे हजारो खण असतात. नंबर सांगतला का त्या खणातला माल काढून देनं, हे संजयचं काम. कोनती फाईल कोनत्या खणात हे ध्यानात ठेवनं, अन् लाईट गेली तरी त्याचा घोळ होऊ न देनं, हे सुनंदाचं.

एक दिवस लाईट गेली अन् सुनंदाचं महिन्याभराचं काम घेऊन गेली. पाटी पुसून पुन्हा लिहाले बसते तशी पोरगी पहिल्यापासून लिहाले बसली. मले एवढंच सांगतलं, "काका, हे परीक्षेत चाललं नाही तं वर्ष गेलं. अन् घरचे दुसरं वर्ष देनार नाहीत."

लाईट गेल्याबरोबर सर बाहेर आले होते, ते थेट माह्याकडं. "गुलाबभाऊ, मेन स्विच तुम्हीच काढलात ना?"

आता माह्यी ख्याती तशीच होती. हापिसातल्या बाबूच्या छत्रीत मुरमुरे भरले होते, ते पावसाळ्यात त्याच्या डोक्यावर पडले. प्राचार्य साहेबाच्या खुर्चीचं एक चाक काढून ठेवलं होतं. पन या खेपेले मी नव्हतो!

"सर, आईची आन! मी नाही. पूऱ्या खामगावची गेली!"

सरनं खिडकीतून पाह्यलं. दुकानं अंधारात, गिरणी बंद. मंग माह्याकडं वळून म्हनतात, "पूऱ्या गावची? इतकं कसं काय जमवलं तुम्ही?"

०००

पंधरा दिवसानं सरनं मले बलावलं. दार लोटून घेतलं. मले वाटलं, गेली नोकरी.

"गुलाबभाऊ, उद्यापासून तुम्ही मशीनची वायर उपटायची."

"कवा?"

"मनात येईल तेव्हा. आम्हाला न सांगता. पोरं काम करत असताना."

मी सरच्या कपायाले हात लावून पाह्यला. ताप नव्हता.

सुनंदा तिथंच होती, तिनं समजावलं. लाईट कवा जाईन हे कोनाले माहीत नसते, म्हनून तपासनारा मानूसही तसाच पाहिजे. पोरायनं स्वतः उपटली तं हात आपोआप सोयीच्या वेळेले जाते. बेभरवशाचा मानूस पाहिजे. साऱ्या कॉलेजात नाव एकच निघालं!

पन मीही काही कच्चा नव्हतो. "लेखी द्या," म्हनलं.

सरनं खरंच कागद लिहिला. "श्री. गुलाबराव यांनी स्वतःच्या मर्जीने, पूर्वसूचना न देता, वायर उपटावी." खाली सही, शिक्का. मी तो घडी करून टोपीत ठेवला.

आठ दिवसानं प्राचार्य साहेबानं मले वायर उपटतांना रंगे हाथ धरलं. मी टोपी काढली, कागद देला. त्याईनं दोनदा वाचला. मंग हळूच विचारते, "गुलाब, माझ्या केबिनचा पंखा बंद पडतो, त्याचं पण असंच काही लेखी आहे का?"

०००

आता काम सरकारी झालं, तं मी ते मन लावून करू लागलो.

पहिले वाटेल तवा उपटे. मंग ध्यानात आलं, का मशीनच्या कपायावर एक लाल दिवा हाय. तो लुकलुकला म्हनजे डिस्कवर लिहिनं चालू हाय. तवा उपटली का मशीन नक्की गार! मी झाडू मारायचं नाटक करत टेबलाखाली बसे, दिव्यावर डोया ठेवून. लुकलुक झाली का खटकन!

"अबे काका!" संजय केस उपटे. "माह्यंच मशीन काऊन पाडता हो तुम्ही?"

"काल शेंगदान्याची पोयी आनली होती, एकट्यानं खाल्ली. मले वास आला होता."

दुसऱ्या दिवशी त्यानं चार पोया आनल्या. तीन माह्यापुढं ठेवल्या. मी आरामात खाल्ल्या, हात धुतले, पुसले, अन् वायर उपटली.

"आता काऊन?"

"मीठ कमी होतं."

सर सारं वहीत टिपत होते. महिन्याच्या शेवटी म्हनले, "तुम्हा दोघांनी मिळून सात चुका शोधल्या. गुलाबभाऊंनी एकोणीस." संजय म्हनते, "सर, मंग डिग्री त्यायलेच द्या, मी झाडू मारतो!"

०००

एक डाव सुनंदा फळ्यावर मले समजावून सांगून राह्यली होती. आपन त्या पोरीले बोलकं केलं, याचं मले आजही बरं वाटते.

"पाहा काका. काही करायच्या पहिले, काय करनार ते फळ्यावर लिहायचं. मंग करायचं. मधातच लाईट गेली तं आल्यावर फळा वाचायचा अन् राह्यलेलं पूर्न करायचं. घोळ नाही." फळ्यावर तिनं लिहिलं, "टेबल उचलून खिडकीजवळ ठेवणे." संजयले म्हनली, "तू मशीन. वाच अन् कर."

ते दोघं मशीनकडं पाहत होते तेवढ्यात मी फळ्यावरची अर्धी ओळ पुसली. काही डोकं लावून नाही, निव्वळ खोडी! फळ्यावर राह्यलं, "टेबल उचलून."

संजयनं वाचलं, टेबल उचललं, अन् उभा राह्यला. "आता ठेवू कुठं?"

मी म्हनलं, "तुह्या डोक्यावर ठेव. लाईट फळ्यावर लिहितांनाच गेली ना बे!"

सारे हासलो. सुनंदाही हासली. अन् हासता हासता अचानक थांबली. फळ्याकडं पाहत राह्यली, पाहत राह्यली, अन् थेट मशीनवर जाऊन बसली. सर तिच्या मांगं जाऊन उभे. "बरोबर आहे," सर म्हनले, "हे आपल्या ध्यानातच नव्हतं. ओळ पूर्ण झाली की शेवटी खूण करायची. खूण नसलेली ओळ वाचायचीच नाही."

"हो सर, तेच करून राह्यली."

घंटाभर खटखट चालली. मी झाडून घेतलं, चहा आनला, कप धुतले.

मांगून बारीक आवाज आला. "वो माय... मी हे टेबल खाली ठेवू का नको?"

०००

मंग एक रोग असा आला का वायर न उपटताही फाईली बदलू लागल्या. एक उघडली तं दुसरीच निघे!

त्याच हप्त्यात प्राचार्य साहेब लॅब पाहाले आले. सोबत हापिसातले दोघं-तिघं. त्याईनं आपली एक नोटीस टाइप करून ठेवाले सांगतली होती. "दाखवा बरं माझी नोटीस, तुमच्या नव्या सिस्टीमवर."

सुनंदानं फाईल उघडली. साहेबानं चष्मा लावला अन् मोठ्यानं वाचाले सुरुवात केली.

"प्रिय, तुला पाहिल्याशिवाय मला जेवण जात नाही. तू कँटीनला येतेस तेव्हा माझा चहा थंड होतो. यापुढे वर्गात डबा खाणाऱ्या विद्यार्थ्यांवर कडक कारवाई करण्यात येईल. हुकमावरून, प्राचार्य."

साहेब पुन्हा खालची ओळ पाहते. "सही माझी आहे," म्हनते, "पण मी हे कोणाला लिहिलं?"

संजय खिडकीबाहेर पाहून राह्यला होता. कान लालभडक!

झालं होतं असं, का सुनंदा खण शून्यापासून मोजे अन् संजय एकापासून. म्हनून वाचनं नोटिशीच्या एक खण अल्याडून सुरू झालं, अन् त्या खणात संजयनं चोरून आपली चिठ्ठी ठेवलेली.

सरनं दोघायले समोर उभं केलं. "सहा महिने एका टेबलावर बसता. मोजायचं कुठून, हे एकमेकांना एकदाही विचारलं नाही?"

संजय खालमानेनं म्हनते, "सर, ते बोलत नाही अन् मी आयकत नाही."

०००

परीक्षेचा दिवस. बाहेरून परीक्षक आले. उंच, कोरडा मानूस, बॅग मांडीवर. सरनं सांगतलं, आमचा माणूस न सांगता वायर काढतो, बघा फाईल शाबूत राहते. मी उपटली, लावली, मशीन उठलं, फाईल जागेवर. सारं झकास!

परीक्षक म्हनले, "शिपाई तुमचा, वायर तुमची, वेळ तुमची. ह्याला मी परीक्षा म्हणत नाही. खरी लाईट जाऊ द्या, मग बघू."

"सर, मंग तुम्ही उपटा ना," सुनंदा म्हनली.

"मी हात लावला आणि काही जळलं तर? मी पाचच्या गाडीने जलंबला निघणार. तोपर्यंत लाईट गेली तर ठीक. नाही तर 'तपासता आलं नाही' असं लिहीन."

तसं लिहिलं म्हनजे पोरीचं वर्ष गेलं.

अन् भाऊ, वर्षभर दिवसातून तीन डाव जानारी लाईट त्या दिवशी जाईच ना! अकरा झाले, बारा झाले. पंखा असा फिरे का कागद उडत. संजयनं ट्यूबलाईटपुढं हात जोडले. सर येरझाऱ्या घालत पुटपुटत, "आजच काय झालं हिला?" दोन वाजता प्राचार्य साहेब डोकावले. खुशीत म्हनते, "वा! आज लाईट किती छान आहे!" सुनंदा तं पुतळ्यावानी बसली होती.

चारच्या सुमाराले मी चहा आनाले बाहेर आलो. लिंबाखाली सुनंदाचे वडील बसले होते. धोतर, बंडी, पुढं वांग्यायचं मोठं टोपलं. पहाटेच्या गाडीनं पोरीसाठी आलेले.

"झालं का जी पोरीचं?"

"दादा, लाईट गेल्याशिवाय तुमची पोरगी पास होत नाही."

जिंदगीत एवढं खरं मी कधी बोललो नव्हतो, अन् तो मानूस हासला! मी आन घेतली, दोनदा. तवा त्याचं हासनं उतरलं. वर तारेकडं पाह्यलं. "हे तार येते कुठून?"

"चौकातल्या डीपीवरून."

तो उठला, टोपलं डोक्यावर घेतलं अन् गेला. मले वाटलं, पोराबाळाच्या बापाचा जीव, बसवत नसन एका जागी.

आत परीक्षक कंटाळून स्वतःच टाइप कराले बसले होते. "तुमची तयार फाईल नको, माझाच रिपोर्ट लिहितो." दोन पानं झाली. साडेचार वाजले. त्याईनं बॅग उचलाले हात घातला, पुन्हा एक ओळ लिहिली, लाल दिवा लुकलुकला, अन् पंखा हळू झाला. हळू... हळू... बंद.

"गेली!" संजय बेंचवर चढला. "गेली वो माय, गेली!"

साऱ्यायनं माह्याकडं पाह्यलं. माह्या दोन्ही हातात चहाचा ट्रे!

"माझी दोन पानं!" परीक्षकाचा आवाज पहिल्या खेपेले चढला.

"थांबा सर," सुनंदा म्हनली.

दहा मिनिटात लाईट आली. खामगावात गेलेली लाईट दहा मिनिटात आल्याचं मी पहिल्यांदा पाह्यलं. मशीन चालू झालं. पहिले अर्धा घंटा लागे. आता चहाचा एक घोट घेतला नाही तं उठूनही बसलं. दोन्ही पानं जागच्या जागी.

परीक्षकानं बोट ठेवून वाचलं. "शेवटची ओळ?"

"ते अर्धीच लिहिल्या गेली होती सर. अर्धवट आम्ही घेत नाही."

त्याईनं तिच्याकडं पाह्यलं. मंग कागद ओढला अन् सही केली. सुनंदा होती तिथंच फरशीवर मटकन बसली, अन् हासू लागली. ढगे सरही हासले, त्याईले वेळ लागला नाही!

मी पळतच बाहेर आलो. लिंबाखाली तिचे वडील बसले होते, पालथ्या रिकाम्या टोपल्यावर. बाजूले लाईनीचा वायरमन, कमरेले पक्कड, एक पाय सायकलीवर. हँडलले पिशवी, वांग्यायनं टम्म फुगलेली.

"दादा, पास झाली!"

म्हाताऱ्यानं लांब श्वास सोडला. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मंग वायरमनकडं पाहून म्हनते, "जाय मंग तू आता."

वायरमन माह्याकडं पाहून म्हनते, "पक्कं ना? नाही तं थांबतो मी अजून घडीभर."