मिस्त्री समोर उभे राहायचे

मिस्त्रींनी मला पहिल्यांदा मारलं तेव्हा आमची धड ओळखही झाली नव्हती. घाटकोपरला खाडीच्या बाजूला त्यांची पत्र्याची शेड होती. मी गाडी आत घातली, ब्रेक लावताना चाकातून किर्र आवाज आला, आणि खाली उतरून नाव सांगायच्या आत माझ्या कानाखाली बसली. "लोखंडावर लोखंड घासतंय," ते म्हणाले, "आणि साहेब टाय लावून फिरतायत." मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि चहा मागवला. मला भयंकर राग आला होता, तरी चहा प्यायलो.

त्यांचा हात माझ्यावरच उठायचा असं नाही. ब्रेक पार झिजेपर्यंत गाडी हाकणाऱ्या एका टॅक्सीवाल्याचा त्यांनी दात पाडला होता. एक शेठ म्हणाला, ब्रेक नंतर बघू, आधी हॉर्न बसवा. त्याच्या डोळ्यांदेखत त्यांनी हातोडीने हेडलाइट फोडला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच नवा बसवून दिला. दोघेही त्यांच्याकडेच येत राहिले. घरी मात्र त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकींचं, राज्य होतं. मिस्त्री जेवताना फार बडबडले की त्या हातातलं झाकण फेकून मारायच्या, आणि हा माणूस कपाळ चोळत गुपचूप भात कालवायचा.

मी तेव्हा पवईच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो आणि मुलुंडला आईवडिलांकडे राहत होतो. मढला सिनेमाच्या शूटिंगसाठी आणलेली आणि नंतर तिथेच सडत पडलेली एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार मी विकत घेतली होती. दोन सीटची, बिनटपाची, इतकी हलकी की चौघांनी मागून उचलून वळवावी. शहराबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर हिवाळ्यात शर्यती व्हायच्या, तिथे मला ती पळवायची होती. त्यापायी वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाले, "पळते ती कोणाची पण गाडी. थांबते ती माझी."

तिचे ब्रेक पॅड बाजारात मिळत नसत. जुने पॅड खरवडून त्यांच्या लोखंडी पाट्यांवर नवं लायनिंग चिकटवायचं, ते मापात घासायचं आणि मग चाकात बसवायचं. नवा पॅड जाड असतो, त्याला जागा करायला ब्रेकचा दट्ट्या मागे ढकलावा लागतो. त्यामुळे पॅड बसवल्यावर पेडल पहिल्यांदा दाबलं की ते नुसतंच आत जातं, गाडी थांबत नाही. तीन-चारदा पेडल दाबून-सोडून, म्हणजे पंप मारून, ते कडक झालं की मगच चाक हलवायचं. एवढी साधी गोष्ट, पण तेवढ्यासाठी मिस्त्रींचा एक रिवाज होता. पॅड बसवले की ते स्वतः मागच्या विटांच्या भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि गाडीवाल्याला सांगायचे, "ये माझ्या अंगावर. आणि थांब." टॅक्सी असो की टेम्पो, त्याशिवाय गाडी शेडबाहेर पडत नसे.

माझ्या पहिल्या शर्यतीच्या आदल्या शुक्रवारी त्यांनी पॅड मलाच बसवायला लावले. धावपट्टीवर काही झालं तर मी तुझ्या खिशात असणार नाही, म्हणाले. माझ्या बोटांवर पाना हाणत, आईबहीण काढत त्यांनी ते काम माझ्याकडून तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा काही बोलले नाहीत, जाऊन भिंतीशी उभे राहिले. मी खुशीत होतो. सीटवर बसलो, गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि निघालो. भिंतीजवळ पेडल दाबलं तर पाय थेट तळाला गेला.

हाड मोडल्याचा आवाज मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. बंपर आणि भिंत यांच्यामध्ये त्यांचा उजवा गुडघा सापडला होता. ते बॉनेटवर पालथे पडले, हातातला पाना त्यांनी तिथूनच माझ्या तोंडावर फेकला, आणि माझ्या भुवईतून डोळ्यात रक्त ओघळत असताना अगदी शांतपणे म्हणाले, "रिव्हर्स टाक, मेल्या." भुवईवरची ती खूण अजून आहे.

इस्पितळात हवालदार आला तेव्हा त्यांनी सांगितलं की गाडी आपणच उतारावर लावली होती, हँडब्रेक ओढायला विसरलो. हवालदार माझ्या भुवईकडे बघायला लागला तेव्हा त्यालाही दोन शिव्या मिळाल्या. तो गेल्यावर मी रडायला लागलो. मी पंप मारला नव्हता हे त्यांना कळलं होतं का, असं मी विचारलं.

"एक पण पंप ऐकू आला नाही," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर रविवारी परत विसरला असतास. धावपट्टीवर भिंत नाही, पण माणसं असतात." मग पायाकडे बोट करून म्हणाले, "वाटलं, वेळेवर उडी मारीन. वय झालं रे."

रविवारी मी शर्यतीला गेलो नाही. गाडी विकायची ठरवली, गिऱ्हाईकही शोधलं. महिनाभराने गिऱ्हाईक शेडमध्ये गाडी बघायला यायचं होतं, त्याच सकाळी एक रिक्षा शेडसमोर थांबली आणि मांडीपर्यंत प्लास्टर घातलेले मिस्त्री दोन कुबड्यांवर उतरले. काकी मागून त्यांना लाखोल्या वाहत होत्या.

"काढ पॅड," ते मला म्हणाले. "परत बसव."

मी नाही म्हटलं. त्यांनी कुबडी माझ्या पोटरीवर इतक्या जोरात घातली की मी खालीच बसलो. बसलोच होतो, म्हणून चाक काढलं. काम संपल्यावर वर बघतो तो मिस्त्री त्याच भिंतीशी, त्याच जागी.

"या वेळी उडी मारता येणार नाही," ते म्हणाले. "ये."

मी किती पंप मारले ते मोजलं नाही. पाय दुखेपर्यंत मारत राहिलो. काकी तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. गाडी प्लास्टरपासून हातभर अलीकडे थांबली. मिस्त्रींनी कुबडीने बॉनेटवर टकटक केलं आणि म्हणाले, "अजून पुढे ये. एवढ्या लांबून काय कळणार मला?" मग वीतभर अंतर राहिलं तेव्हा कुठे ते हसले. मला एवढं प्रेम आजवर कोणी दिलं नाही, आणि एवढा मारही.

त्या हिवाळ्यातल्या शेवटच्या शर्यतीत मी सातातला पाचवा आलो. मिस्त्रींचा पाय पुन्हा कधी वाकला नाही. पुढे चार वर्षांनी शेडमध्येच, एका टेम्पोखाली काम करता करता ते गेले. आम्ही त्यांना बाहेर ओढून काढलं तेव्हा पाना मुठीत होता. तो सोडवताना, आता हा हात उठणार, असं मला खरंच वाटलं.

आता मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी देतो. तिथले मिस्त्री गणवेश घालतात आणि कुणाला मारत नाहीत. नवे पॅड बसले की मी गाडीसमोर भिंतीशी जाऊन उभा राहतो. ते म्हणतात, काका, बाजूला व्हा. माझे गुडघेही आता उडी मारण्याजोगे राहिलेले नाहीत. मी कान देऊन ऐकतो. एक पंप, दुसरा, तिसरा. मग हात वर करून म्हणतो, ये.