खालच्या मोहल्ल्याला बलावणं गेलं नाही

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा देवळीजवळच्या आमच्या गावात स्मृतिस्तंभ उभारायचं ठरलं. मी शाळेत इतिहास शिकवायचो, म्हणून स्तंभावरचा मजकूर माझ्याकडे आला. बेचाळीस साली गावाने ठाण्यावर झेंडा लावायचा बेत केला आणि तो फसला, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. का फसला, याचं कारण समितीने आधीच मंजूर केलं होतं: इंग्रजांची क्रूर दडपशाही.

त्या दिवशी झेंडा धरलेले एक म्हातारे शेतकरी हयात होते. स्तंभावरच्या नावांच्या यादीत त्यांचं नाव पहिलं. खात्री करून घ्यावी म्हणून गेलो, तर बाजेवर बसून अंबाडीचा दोर वळत होते. दडपशाहीचं विचारलं. म्हणाले, ठाण्यात एकच शिपाई होता, तोही अंघोळीला बसलेला. दोनशे माणूस यायचं होतं, आलं अकरा. शिपायाने आधी अंग पुसलं, मग सगळ्यांना घरी जायला सांगितलं.

"बाकीचे काऊन नाई आले, बाबाजी?"

"खालच्या मोहल्ल्याले बलावणं नाई गेलं."

आमच्याकडे बारसं असो की तेरवी, घरी माणूस येऊन सांगून गेल्याशिवाय कोणी पाऊल उचलत नाही. बेत खालच्या मोहल्ल्याला माहीत होता. झेंड्याचा बांबूसुद्धा त्यांच्याच बेटातला. ते भाकरी बांधून दारात बसले आणि दुपारपर्यंत बसून राहिले.

बलावणं द्यायचं कोणाकडे होतं, असं मी विचारलं. दोर वळणं थांबलं.

"माह्याकडं. शेताच्या धुऱ्याचं भांडण होतं आमचं त्याइच्यासंग. म्या म्हनलं, यायचे तं येतीन." मग म्हणाले, "मास्तर, माहं नाव काढून टाका."

मी समितीला सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, मग मंत्र्यांनी हार कोणाला घालायचा? शिवाय नाव कोरून झालं होतं, आणि खोडलं तर दगडाला खड्डा पडेल, असं पाथरवटाचं मत पडलं.

अनावरणाच्या दिवशी म्हाताऱ्यांना हार घालून माईकसमोर उभं केलं. त्यांनी मला सांगितलं होतं तेच, धुऱ्यासकट, सगळ्यांसमोर सांगितलं. टाळ्या पडल्या. मंत्र्यांनी आपल्या भाषणात या विनयाचा दोनदा उल्लेख केला.

खालच्या मोहल्ल्यातली म्हातारी माणसं तेवढी टाळ्या न वाजवता बसून होती.