जोडेरावांची पेटी

सबंध पुण्यात माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याची कुंडली मांडणारा एकच इसम होता, आणि देवाने त्याला राहायला नेमकी माझ्या भिंतीला भिंत लावून जागा दिली. आमच्या बुधवार पेठेतल्या आळीत त्यांना समोर राव म्हणत आणि पाठ फिरली की जोडेराव. घराणं शिलेदारांचं. पण लहानपणी घोड्यावरून पडून डावा पाय आखूड राहिला, गुडघा नीट दुमडेना, म्हणून भाऊ मुलूखगिरीला गेले आणि हे पेठेतल्या एका सरदारांच्या दारात बसून आल्यागेल्याचे जोडे सांभाळू लागले. दुसरा कोणी असता तर भिंतीला टेकून डुलक्या घेतल्या असत्या. रावांनी त्या दाराचा दरबार केला. आत मसलती चालायच्या आणि बाहेर हे एकेक जोडा मांडीवर घेऊन धूळ झटकायचे, करडईचं तेल चोळायचे, मेण लावायचे आणि घोंगडीच्या तुकड्याने असे घासायचे की लाल जोडा नव्या नवरीसारखा दिसू लागे. हे करायला त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं, कोणी आभारही मानत नव्हतं. उलट एकदा एका शास्त्रीबुवांना आपलेच जोडे ओळखता येईनात. सगळी मंडळी निघून गेली, पायरीवर एकच जोड उरला, तरी बुवांचं म्हणणं एकच, हे माझे नव्हेत. शेवटी ते तसेच अनवाणी शनिवार पेठेत घरी गेले. मागोमाग राव जोडे हातात घेऊन लंगडत गेले आणि बुवांच्या कुटुंबाने ते दारातून ओळखले. एवढ्या खटाटोपानंतर बुवा म्हणाले काय, तर आता चिखलात घालायची पंचाईत झाली.

माणसाची पारख जोड्यावरून करायची ही त्यांची दुसरी खोड. नमस्कार करताना ते खालीच बघायचे, लोकांना वाटे काय विनय आहे. माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलाचा बाप आत आपल्या बागायतीचं वर्णन करत होता आणि राव ओसरीवर त्याचा जोडा उलटा करून बघत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, बाहेरून तेल आणि आतून ठिगळ, विहिरीला पाणी नाही, मुलगी देऊ नका. मी सुतार माणूस, लाकूड ठोकून बघितल्याशिवाय घेत नाही. गावी जाऊन आलो. विहिरीला बारमाही पाणी होतं, जोडे तेवढे मेव्हण्याचे मागून आणलेले होते. परत येऊन मी हे सांगितलं, तर राव जराही वरमले नाहीत. म्हणाले, "मग मेव्हण्याच्या विहिरीला नसेल." असल्या माणसाशी काय वाद घालायचा? पुतणी सुखात नांदते आहे आणि रावांनी शेवटपर्यंत तिच्या सासऱ्याच्या पायांकडे संशयाने बघणं सोडलं नाही.

पण या सगळ्या विक्षिप्तपणाखाली एक ठसठस होती आणि ती आळीत सगळ्यांना ठाऊक होती. रावांना एकदा नर्मदा ओलांडायची होती. बाप ओलांडून आला होता, भाऊ ओलांडून आले होते, घराण्यात पोरासोरांच्या तोंडी नर्मदेच्या उथळ उताराच्या गोष्टी होत्या आणि राव मात्र दर दसऱ्याला धन्यांच्या घोड्यामागून स्वारीचा पहिला तळ पडे त्या गारपिराच्या मैदानापर्यंत चालत जायचे आणि तिथून धूळ खात परत यायचे. त्या दिवशी ते कोणाशी बोलत नसत. बायको निवर्तली होती, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे बोलायला घरात कोणी नव्हतंच. मग संध्याकाळी माझ्या कारखान्यात येऊन भुश्शाच्या ढिगावर बसून राहायचे. मीही काही विचारत नसे, आमची ही ते बसले असतील तिथे गुळाचा खडा आणि पाणी ठेवून जायची.

आशा होती ती एवढीच की धन्यांचेही गुडघे धरले होते. जोडे चढवायला त्यांना वाकता येत नसे. स्वारीत कोणीतरी जोडेवाला लागणारच, असं राव धरून बसले होते. तेवढ्यात घोटाळा झाला. आदल्या स्वारीत जोड्यांचं सामान पोत्यात घालून कोणीतरी उंटावर लादलं होतं. वाटेत तेलाची बुधली फुटली, तेल आणि काळ्या जोड्यांना लावायची काजळी झिरपत झिरपत शेजारच्या देवांच्या पेटीत गेली. बाळकृष्ण मूळचेच सावळे म्हणून निभावले, पण अन्नपूर्णा जी काळी झाली ती चिंच लावून घासली तरी उजळेना. बाईसाहेबांनी उपास धरला. कारभाऱ्यांनी हुकूम काढला की यापुढे जोड्यांचं सामान आणि जोडेवाला दोन्ही स्वारीत नकोत.

राव सरळ कारभाऱ्यांपुढे जाऊन उभे राहिले. कारभारी म्हणजे अंगाने काडी आणि जिभेने करवत. त्यांनी रावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं की आपली इच्छाच असेल तर यावं, आमची कुठे ना आहे. फक्त सामानातला तेलाचा एक थेंब बाहेर येता कामा नये, कुठल्याही जनावरावर त्याला जागा मिळणार नाही, आणि धन्यांना पाय ठेवायला वेगळी चौकी नेली जाणार नाही. हे तिन्ही जमलं तर दसऱ्याला निघतेवेळी दाखवावं. साध्या मराठीत याचा अर्थ, घरी बसा. राव मात्र तिथून निघाले ते थेट माझ्याकडे. म्हणाले, पाठीवर घेऊन चालता येईल अशी लाकडी पेटी करायची, आत सगळं सामान, आणि झाकणच असं की त्यावर धन्यांचा पाय बसेल. मी विचारलं, आणि तुम्ही या पायाने पेटी घेऊन नर्मदेपर्यंत चालणार? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी मुकाट्याने गज उचलला.

पुढचे काही महिने त्या माणसाने मला सुखाने दोन घास खाऊ दिले नाहीत. पहिली पेटी मी सागवानाची केली. ती पाठीला बांधून राव आळीच्या टोकापर्यंत गेले आणि तिथेच उताणे पडले, कासवासारखे. मला वाटलं, संपलं. पडल्या पडल्याच ते म्हणाले की फळ्या जाड झाल्या आहेत. फळ्या पातळ केल्या, तर पाय ठेवल्यावर झाकण करकरलं. झाकणाला खालून आडवी पट्टी दिली, तर आतली कुंचली बसेना. कुंचलीचा दांडा कापला, तर म्हणाले हाताला बसत नाही. मग पेटी बदलायची, कुंचली नाही. तेलाच्या, मेणाच्या आणि काजळीच्या कुप्यांना मी वेगवेगळे खण केले, त्यात लोकर कोंबली, तोंडाला मेण लावून बुचं बसवली. कुप्या उभ्या राहतात याची खात्री करायला राव पेटी माझ्या माळ्यावरून खाली टाकायचे, तीही मी खाली बसलेला असताना. एकदा तर कुंभाराकडून गाढव मागून आणलं, पेटी त्याच्यावर बांधली आणि त्याच्या कानात काय सांगितलं देव जाणे. ते गाढव जे उधळलं ते कसब्यातून, मंडईच्या वाटेवरल्या बायकांच्या टोपल्या उडवत, थेट नदीत जाऊन उभं राहिलं. कुंभार माझ्या नावाने बोंबलत आला. राव कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पेटी उघडून बघत होते. आतून हात कोरडा आला तसे तिथूनच ओरडून मला म्हणाले की पट्टा दोन तसू लांब हवा.

मी चिडत होतो हे खरं. गिऱ्हाइकांचे पलंग पडून राहिले, देवळाचं दार पडून राहिलं. पण रात्री जेवताना माझ्याच तोंडून निघू लागलं की बिजागरी आतल्या बाजूने घातली तर? ही म्हणाली, आता दोन झाले. धन्यांच्या पायाचं माप घ्यायची तर सोयच नव्हती. रावांनी त्यांच्या जोड्याच्या आत दर्भाची काडी घालून तळवा मोजून आणला, त्याबरहुकूम मी झाकणावर टाचेला खोलगट आणि चवड्याला किंचित उतरती अशी जागा कोरली. चाळीस वर्षं रंधा मारतो आहे, पण माझ्या हातून तसं गुळगुळीत काम दुसरं झालेलं नाही. मी स्वतः पाय ठेवून बघणार होतो. रावांनी ठेवू दिला नाही. पहिला पाय धन्यांचा, म्हणाले.

खंडेनवमीला पेटी पुरी झाली. माझे रंधे, करवती, पटाश्या गंधफूल लावून पाटावर बसले होते आणि ही आरतीची तयारी करत होती. मी म्हटलं, पेटी आजची रात्र इथेच असू दे, उद्या घेऊन जा. राव म्हणाले, आज वाड्यावर सगळ्यांची हत्यारं मांडतात, माझं नको का मांडायला? आणि ती उचलून गेले. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट बरं वाटलं. तिकडे त्यांनी काय केलं, तर तलवारी, ढाली, भाले, बंदुका अशी जी ओळ लागली होती तिच्या शेवटाला ही पेटी ठेवून दिली, आणि बाईसाहेबांनी ओवाळत ओवाळत येऊन तिलाही हळदकुंकू, अक्षता वाहिल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. दारात घोडे, पालख्या, माणसांची ही गर्दी. पेटी माझ्या हातची, म्हणून मीही जाऊन उभा राहिलो. धनी बाहेर येऊन चौरंगावर बसले. कारभाऱ्यांनी पेटी मागून घेतली, उलटी केली, हलवली, पुन्हा उलटी केली. थेंब नाही. रावांनी ती पाठीला बांधून अंगणाला फेरी मारली. दोन अटी झाल्या. मग पेटी धन्यांच्या पुढ्यात ठेवली आणि जोडे हातात घेऊन राव बाजूला उभे राहिले. धन्यांनी पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरला. झाकणावर, मी कोरलेल्या त्या जागेत नेमकं मधोमध, कुंकू होतं.

"हे पुजलेलं आहे," धनी म्हणाले.

आतून बाईसाहेबांचा निरोप आला की हो, मीच ओवाळलं आहे. पुजलेल्या वस्तूला चुकून पाय लागला तरी आपण हात लावून नमस्कार करतो, तिथे मुद्दाम पाय द्यायचा कसा? एवढे महिने एवढ्या खटपटी केल्या आणि ही साधी गोष्ट ना त्यांच्या डोक्यात आली ना माझ्या. कारभारी हळूच म्हणाले की तिसरी अट राहिली, आता आपण घरी विश्रांती घ्यावी. मला रावांच्या तोंडाकडे बघवेना.

राव मात्र खाली बसू लागले. आधी पेटीला नमस्कार करून ती बाजूला सरकवली, मग भिंतीला एक हात लावून तो न दुमडणारा पाय पुढे लांब टाकला. बसताना त्यांचा श्वास लागलेला सगळ्यांनी ऐकला. जमिनीवर पुरते टेकल्यावर त्यांनी धन्यांचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"पूजा पेटीला झाली आहे, सरकार. मांडीला नाही."

त्यांनी एक जोडा चढवला, मग दुसरा. धन्यांनी खाली वाकलेल्या त्यांच्या पागोट्याकडे बघितलं. मग कारभाऱ्यांकडे न बघताच म्हणाले, "हत्यार पुजून आलेल्या शिलेदाराला मागे ठेवायची रीत आपल्याकडे आहे का, कारभारी?"

कारभारी नाही म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? रावांना शिलेदार म्हटलेलं त्या दारात पहिल्यांदाच कोणी ऐकलं होतं. ते उठेनात, दोघांनी धरून उठवलं. मी पेटी त्यांच्या पाठीला बांधली तेव्हा त्यांचे खांदे हलत होते, आणि मी मुद्दामच पट्ट्याची गाठ जरा जास्त वेळ मारत बसलो.

राव परत आले नाहीत. वाईट वाटून घेऊ नका, ते खुशाल आहेत. धन्यांना माळव्यात जहागीर मिळाली, ते तिकडेच राहिले आणि रावही राहिले. परवा तिकडून आलेला एक स्वार सांगत होता की रावांनी नर्मदा पायी उतारातून ओलांडली, कोणाच्या घोड्यावर बसायला तयार झाले नाहीत. आता तिकडच्या सरदारांकडेही तशाच पेट्या झाल्या आहेत, तिकडचे सुतार करतात. झाकणावर पावलाची जागा कोरतात, मग तिला कुंकू लावतात, पेटी बाजूला ठेवतात आणि पाय मांडीवर घेतात. असं का, म्हणून स्वाराने विचारलं तर त्याला सांगितलं की पुण्याची रीत आहे. मी पोट धरून हसलो. त्याला ताक दिलं, त्याच्या घोड्याला वैरण दिली, आणि तो गेल्यावर रंधा हातात घेतला तर काम होईना. रावांना जायचं होतं तिथे ते पोचले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण शेजारच्या खोलीत आता एक कापडवाला राहतो. भला माणूस आहे, कधी कशाबद्दल त्रास देत नाही, आणि संध्याकाळी भुश्शाच्या ढिगावर येऊन कोणी बसत नाही.