आदी बघू तर द्या की!

शाळेच्या तपासणीच्या दिवशी प्रयोगशाळेची किल्ली मी घरी विसरलो. विसरलो कसला, ती कायम बायकोच्या कमरेच्या जुडग्यातच असायची. प्रयोगशाळा कधी उघडायचीच नाही, मग किल्लीनं शाळेत येऊन करायचं काय? भांडी फुटू नयेत म्हणून आमचे सगळे प्रयोग फळ्यावरच यशस्वी व्हायचे.

तेही मुलांसाठी. मुली त्या तासाला शेजारच्या खोलीत गृहशास्त्र शिकायच्या.

"मुलींना शास्त्राची आवड नसते, साहेब," मी तपासणीसांना ऐटीत सांगितलं.

"आदी बघू तर द्या की!"

खिडकीत नववीतली कोडोलीची एक पोरगी, हातात अर्धा चिरलेला कांदा. मी फळ्यावर लोहचुंबक काढलं तरी खिडकीतून हेच यायचं. तुमच्या नशिबी असती, तर तुम्हीही रजा टाकली असती.

साहेब हसले. "उघडा."

शिपाई शिवाजी पेठेत माझ्या घरी पळाला. जुडगा दुसऱ्याच्या हाती देणं बायकोला मंजूर नव्हतं, म्हणून तीच आली. दार उघडलं. आत गॅदरिंगचे मुकुट, लाकडी तलवारी आणि हेडमास्तरांची पंक्चर सायकल. सूक्ष्मदर्शक सायकलीमागे, आला तसा गवतात गुंडाळलेला.

त्या पोरीच्याच कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला. पोरीनं डोळा लावला तो काढेचना.

"सर, ह्यात विटा रचल्यात की! रोज चिरतोय आमी, कुणी बोललं न्हाय!"

साहेबांच्या हुकुमानं ती शास्त्राच्या पहिल्या बाकावर आली आणि माझी सुखाची झोप संपली.

दहावीनंतर तिला कॉलेजात शास्त्रच घ्यायचं होतं. वडील अडून बसले. समजूत घालायला आम्ही नवराबायको कोडोलीला गेलो.

"पोरींना शास्त्राची आवड नसती, मास्तर," ते म्हणाले. "तुमीच साहेबास्नी सांगितलंसा न्हवं?"

मी घाईघाईनं चहा बशीत ओतला. बोलली ती बायको. अशी बोलली, की गोठ्यातली म्हैस रवंथ करायची थांबली आणि वडील म्हणाले, "बरं, जाऊ दे तिला."

त्या जूनमध्ये मी फळ्यावर लोहचुंबक काढलं. कुणी टोकेना. उगीच पहिल्या बाकाकडे बघत थांबलो आणि मग खरंखुरं चुंबक आणायला गेलो.

संध्याकाळी घरी छाती फुगवून म्हटलं, "शेवटी माझी विद्यार्थिनी कॉलेजात गेली."

"तुमची?" भाकरी उलटत बायको म्हणाली. "अहो, किल्ली कुणाच्या कमरेला होती?"