टेबलावरचं सोंग

पासलीच्या ज्ञानूचा चेहरा बरा होता, तिथंच त्याचं चुकलं. देखणा वगैरे नव्हे, पण हसला की दात पांढरेशुभ्र दिसत आणि माणसाला वाटे, याच्या घरी सगळं ठीक असणार. शिवाय भजनात टाळ हाती घेतला की तो मात्रेला चुकत नसे. एवढ्या दोन गुणांवर एखाद्याचा संसार नासतो, असं मी सांगितलं तर तुम्ही मलाच वेड्यात काढाल. पण नासला.

सत्तर सालचा भादवा. भात पोटरीला आलं होतं आणि माणसांना जरा उसंत होती. अशात पुण्याहून एक जीप आणि एक टेम्पो वेल्ह्याच्या बाजूनं चिखल तुडवत गावात आले. फिल्मवाले होते. पण त्यांना सिनेमा काढायचा नव्हता. काढायचं होतं एकच गाणं, चार मिनिटांचं. दोन पोरांवर थांबा, पुरुषांनो ऑपरेशन करून घ्या, असा प्रचार त्यात होता, आणि ते गाणं पडद्याच्या गाडीवरून बाजाराबाजारात दाखवायचं होतं. म्होरक्या होते मानसिंगराव, छत्रीखाली उभे राहून घाम पुसणारे. चावडीपुढं त्यांनी गावाला समजावलं, "भाषणाला माणसं जांभया देतात हो. गाणं मात्र घरी घेऊन जातात. बाई भाकरी थापताना गुणगुणते, मग तिला वेगळं शिकवावं लागत नाही."

गाणं पुण्यातच गाऊन झालं होतं. म्हणणारा तिकडं, आणि हितं नुसती तोंडं हलवायची. आंब्याला कर्णा बांधला, बॅटरीवर मशीन लावलं आणि रान दणाणलं : 'दोन लेकरं, चार हात, पुरं झालं रं राया.' पुण्याहून आणलेला हिरो पहिल्याच दिवशी बांधावरून घसरला आणि पाय मुरगळून टेम्पोत जाऊन पडला. मग मानसिंगरावांनी गावातले आठ-दहा बाप्ये ओळीनं उभे केले. एकाचं तोंड गाण्याच्या पुढं पळे, दुसऱ्याचं मागं राही. ज्ञानूचं पहिल्या खेपेला बरोबर बसलं. टाळकरीच तो. मानसिंगराव म्हणाले, "हाच."

चार मिनिटांच्या गाण्याला तीन दिवस लागले. एकेक ओळ वीस-वीस वेळा. शेवटचं कडवं पहिल्या दिवशी घेतलं आणि सुरुवात दुसऱ्या दिवशी. ज्ञानूची बायको म्हणून नाचायला पुण्याची एक बाई होती, डोळ्यांत काजळ आणि पायात चपला, त्या कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून चिखलात रुतवलेल्या. पोरं शाळेच्या गुरुजींची, एक मुलगा आणि एक मुलगी. खरी बायको बनाबाई बांधावर बायकांत बसून पदरात तोंड खुपसून हसत होती. तिला दोन मुली होत्या आणि तिसऱ्या खेपेला मुलगा व्हावा म्हणून सासूनं नवस बोललेला होता. पण त्या तीन दिवसांत हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. बनाला नवऱ्याचा अभिमान वाटला, आणि का वाटू नये? संध्याकाळी त्याच्या पायाचा चिखल धुताना ती म्हणाली, "अवं, त्या बाईपरीस तुमीच झ्याक नाचताय."

तिसऱ्या दिवशी शाळेत टेबल मांडलं. त्यावर पांढरी चादर घातली आणि ज्ञानूला निजवलं. डॉक्टर होता तो नाटकात काम करणारा माणूस. पण सुई टोचल्यावर चेहरा कसा होतो ते ज्ञानूला जमेना, तो उगीच दात दाखवे. मानसिंगराव वैतागले. बरोबर एक कंपाउंडर होता, त्याला त्यांनी सांगितलं, "नुसत्या पाण्याचं दे रे खरंच एक." दंडात सुई गेली, चेहरा झाला, मानसिंगराव खूश. मग बराच वेळ त्याला तसंच पडून राहायला सांगितलं. कमरेखाली चादर, तोंडावर दिव्याची ऊब, तीन दिवसांची दगदग. ज्ञानूचा डोळा लागला. जागा झाला तेव्हा माणसं सामान आवरत होती. शेवटी एका साहेबाच्या हातून त्याला ऑपरेशनच्या बक्षिसाचा ट्रान्झिस्टर देतानाचं चित्र घेतलं, आणि चित्र घेऊन झाल्याबरोबर ट्रान्झिस्टर काढूनही घेतला.

दिवाळीनंतर वेल्ह्याच्या बाजारात पडद्याची गाडी आली. अंधार पडल्यावर पासलीचं निम्मं गाव पडद्यासमोर मांडी घालून बसलं. ज्ञानू दिसला तशा शिट्ट्या झाल्या. पुण्याची बाई त्याच्या खांद्यावर हात टाकून नाचली तेव्हा बायका खो-खो हसल्या आणि बनालाच ढोसू लागल्या. गुरुजींची पोरं आली तेव्हाही हसू. मग टेबल आलं. चादर आली, सुई आली, ज्ञानूचा कळवळलेला चेहरा पडदाभर झाला. आणि एकदम सगळे गप्प झाले.

परतीच्या वाटेवर ज्ञानूची आई अक्काबाई सगळ्यांच्या पुढं तरातरा चालली. घरी आल्यावर उंबऱ्यावरच तिनं विचारलं, "मला न इचारता कापून घेतलंस व्हय रं?"

"आये, सोंग हुतं त्ये! ती बाई माजी बायकू हाय का? ती पोरं माजी हायेत का?"

"बायका-पोरांचं सोंग कुणीबी घेतंय. शिमग्यात आपल्यात समदी सोंगं घेत्यात, पर मढ्याचं सोंग कंदी कुणी घेतलंया? ज्याचं सोंग घ्यावं ते अंगाला लागतंय म्हून कुणी त्या वाटंला जात न्हाई. आन तू म्हणतोस त्या टेबलावर खोटाच निजला हुतास?"

पासलीत ही गोष्ट कुणाला शिकवावी लागत नाही. शिमग्याला तिथं माणूस वाघ होतो, बाई होतो, सावकार होतो, पण तिरडीवर खोटं कुणी निजत नाही. कुणी बाप्या नसबंदीच्या टेबलावरही तसाच खोटा निजणार नाही, हे सगळ्या गावानं मनाशी धरलं. पडद्यावरचं बाकी सगळं खोटं आहे हे त्यांना नीट कळत होतं, अडाणी नव्हती माणसं. पण टेबल खरं होतं. ते तर शाळेचंच टेबल होतं, रोजच्या पाहण्यातलं.

सुरुवातीला नुसती थट्टा झाली. पोरं ज्ञानूच्या मागं 'पुरं झालं रं राया' म्हणत पळत. शेजारणी ट्रान्झिस्टर ऐकायला येत आणि तो नाही म्हटलं की, लपवलाय, असं म्हणून जात. ज्ञानूही हसून सोडून देई. पडद्यावर आपलं तोंड दिसलं याचं त्यालाही थोडं अप्रूप होतंच, खोटं कशाला बोला.

माघात बनाला दिवस गेल्याचं कळलं, आणि गाव हसायचं थांबलं.

कुणी तोंडावर काही बोललं नाही. पाणवठ्यावर बना आली की बायका हंडे उचलून निघत. अक्काबाईनं तिच्या हातचं जेवण सोडलं, स्वतःची वेगळी भाकरी थापू लागली. ज्या नातवासाठी तिनं नवस बोलला होता तो कदाचित पोटात होता, आणि ती सुनेकडं पाठ करून जेवत होती. दुष्ट नव्हती ती. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, एवढंच.

ज्ञानूनं भजनाच्या बैठकीत हात जोडून सांगितलं की माझं काही झालेलं नाही. सावळारामबुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "बायकूला झाकून घेतोयास. देवमाणूस हायेस गड्या." आता याला काय करायचं? तो जितका ओरडून सांगे तितका तो मोठा होई आणि बना लहान. मग त्यानं गुरुजींकडून मानसिंगरावांना कार्ड लिहवून घेतलं, की ऑपरेशन खोटं होतं असं दोन ओळी लिहून कळवा. महिन्यानं उत्तर आलं. मानसिंगरावांनी कळवलं होतं की गाणं फारच परिणामकारक ठरलं आहे, सगळीकडून मागणी आहे, तुमचं अभिनंदन. बाकी काही नाही. कार्ड बहुधा त्यांनी धड वाचलंही नसावं. मला त्या माणसाचा आजही राग येतो.

आणि याच सुमारास ज्ञानूच्या मनात पाल चुकचुकली.

त्याला ती सुई आठवली. पाण्याची म्हणाले, पण पाहिलं कुणी? त्यानंतर आपल्याला झोप लागली. किती वेळ लागली? कमरेखाली चादर होती. कंपाउंडर तर खरा होता. त्या रात्री जांघेत दुखत होतं का? दुखत होतं बहुतेक, पण तीन दिवस चिखलात नाचल्यावर दुखणारच. त्यानं हे मनातून झटकलं आणि ते परत आलं. गावानं कुणाचंच नाव घेतलं नव्हतं, त्यामुळं ज्ञानूला सगळेच दिसू लागले. पिठाच्या गिरणीवाला बनाशी जास्त बोलतो का? मळणीला आलेला तो वेल्ह्याचा माणूस? बना अंगणात एकटी बसली की तो विचारी, "कुणाची वाट बगतीस?" आणि विचारल्यावर स्वतःच शरमून जाई. बना त्याच्याकडं पाही आणि उठून घरात जाई. गाव तिच्यावर उलटलं तेव्हा ती रडली होती, पण ज्ञानू असं विचारू लागला तेव्हा तिचं रडं आटलं.

चैत्रात एके दिवशी तो पहाटेच निघाला. बनाला म्हणाला, बैलाची वेसण बघायला जातो. एस.टी. बदलत बदलत दुपारी भोरला पोचला आणि दवाखान्याच्या ओळीत बसला. पाळी आली तेव्हा त्यानं जमिनीकडं बघत सगळं सांगितलं. डॉक्टर म्हातारे होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पडद्यामागं नेऊन तपासलं आणि हात धुता धुता म्हणाले, "अरे, तुला कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही. ठणठणीत आहेस. जा घरी."

ज्ञानू तिथंच भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. मग त्यानं चिठ्ठी मागितली. डॉक्टरांनी लिहून दिली, खाली शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं गुरुजींनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. इंग्रजीतून वाचली आणि मराठीतून सांगितली. माणसांनी शिक्का हाताळून पाहिला. सावळारामबुवांनी कान धरले. अक्काबाई तडक घरी गेली आणि सुनेच्या पायांशी बसून हमसाहमशी रडली, "माजं डोळं फुटलं गं बाय." तिसऱ्या प्रहरापर्यंत चार शेजारणी काही ना काही घेऊन आल्या, कुणी लोणचं, कुणी तांदळाच्या पापड्या. गाव सुटलं बिचारं, त्याच्या मनावरचं ओझं उतरलं.

ज्ञानू चिठ्ठी घेऊन आत आला. बना चुलीपाशी होती. "झालं बग समदं," तो म्हणाला. "आता कुनाची टाप न्हाई बोलायची."

बनानं चिठ्ठीकडं पाहिलंही नाही. "काल भोरला गेला हुता व्हय?"

"व्हय. ह्याच्यासाटनं."

"मग मला बैलाची येसन का सांगितली?"

ज्ञानू चिठ्ठीची घडी घालू लागला.

"गावाला दावायला चिठ्ठी आणायची हुती, तर मला सांगून गेला असता. म्या सोता भाकरी बांधून दिली असती." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "तुमी गावासाटनं न्हाई गेला. तुमाला बगायचं हुतं."

ज्ञानूनं तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं. त्या गाण्याच्या वीस-वीस खेपांत एकदाही न चुकलेलं त्याचं तोंड आता हलेना. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा बनानं तवा उतरवला.

वैशाखात तिनं माहेरी जायचं ठरवलं. तिसऱ्या बाळंतपणाला कुणी माहेरी जात नाही, पण कुणी अडवलं नाही. धाकटीला घेऊन ती भोंगवलीला गेली, थोरली आजीपाशी राहिली. ज्ञानूनं सारोळ्यापर्यंत सोबत केली. पुढं तिचा भाऊ रखमाजी बैलगाडी घेऊन आला होता. गाडीत बसताना बनानं त्याला थोरलीच्या औषधाचं सांगितलं, भाताच्या रोपांचं सांगितलं, म्हैस कधी विणार ते सांगितलं. सगळं सांगितलं, आणि काहीच बोलली नाही.

श्रावणात निरोप आला, मुलगा झाला. अक्काबाईनं गावभर गूळ वाटला. लावणी उरकून ज्ञानू बाराव्या दिवशी भोंगवलीला पोचला, बाळाला झबलं आणि बनाला लुगडं घेऊन. सासूनं पाय धुवायला पाणी दिलं आणि आत जा म्हणाली. बाळंतिणीच्या खोलीत अंधार होता, शेकाचा धूर भरलेला. बना बाजेवर बसून होती, बाळ शेजारी दुपट्यात. ती बरी दिसत होती. ज्ञानूला एकदम भरून आलं. त्यानं बाळाला दोन्ही हातांनी उचललं. डोळे मिटलेलं, लालबुंद, मूठभर पोर. अंधारात त्याला त्याचं तोंड नीट दिसेना, म्हणून तो त्याला घेऊन दाराशी गेला आणि उजेडात धरलं. नाक पाहिलं. कान पाहिले. दुपटं जरा बाजूला करून कपाळ पाहिलं. कुठलाही बाप पाहील तसंच तो पाहत होता, निदान त्याला तरी तसंच वाटत होतं.

मागून बनाचा आवाज आला. त्यात राग नव्हता.

"जुळतंय का?"

ज्ञानू बाळाला घेऊन उजेडात उभा राहिला. वळून तिच्याकडं बघायचं धाडस त्याला झालं नाही.